घट्ट शॉकअप म्हणजे चांगला शॉकअप? बेळगाव परिसरातल्या रस्त्यांसाठी बाजारातल्या पर्यायांची पारख

बेळगावातून गाडी पश्चिमेला जांबोटी-कणकुंबीकडे काढा नाहीतर पूर्वेला गोकाक-अथणीकडे, शॉकअपची परीक्षा दोन्हीकडे होते. पेपर मात्र वेगळा. पश्चिमेला जांभा दगड आणि धो धो पाऊस. डांबर उखडतं आणि खड्ड्याच्या कडा सुरीसारख्या उभ्या राहतात. पूर्वेला काळी माती. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वरचा रस्ता वरून गुळगुळीत दिसला तरी आतून लाटांचा होतो. त्यात हंगामात उसाच्या ट्रॉल्या त्याच रस्त्यावरून जातात. खड्ड्याच्या कडेवर शॉकअपचा दांडा सेकंदाला एक मीटर किंवा त्याहून जास्त वेगाने आत जातो. लाटेवर तोच दांडा सेकंदाला दहा-वीस सेंटिमीटर वेगाने सावकाश वरखाली होतो. आतल्या झडपांसाठी ही दोन अगदी निराळी कामं आहेत. म्हणून ‘भारी कंपनीचा घट्ट शॉकअप टाकला की झालं’ हा सल्ला इथे अर्धाच खरा ठरतो.

ही पारख स्विफ्ट किंवा आय-ट्वेंटीच्या वर्गातली हॅचबॅक डोळ्यांसमोर ठेवून केली आहे, म्हणजे पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकाच जोडीत) आणि मागे टॉर्शन बीम (मागची दोन्ही चाकं जोडणारा, पीळ खाणारा आडवा तुळईसारखा भाग). या भागात घरोघरी असलेली गाडी ती हीच.

आधी एक गैरसमज बाजूला करू. गाडीचं वजन शॉकअप पेलत नाही, ते काम स्प्रिंगचं. स्प्रिंग किती दबली यावर तिचा जोर ठरतो. शॉकअपचा जोर ठरतो दांडा किती वेगाने हलतो यावर. गाडी उभी असेल तर शॉकअप जवळपास काहीच करत नाही. स्प्रिंगने साठवलेली ताकद तेलातून बारीक भोकांवाटे ढकलून तिची उष्णता करायची, एवढंच त्याचं काम.

आकड्यांत पाहिलं की नीट कळतं. एका चाकावर २५० किलो वजन आणि चाकापाशी मोजलेली स्प्रिंग दर मिलिमीटरला २० न्यूटन धरा. अशी गाडी सेकंदाला साधारण १.४ वेळा वरखाली डुलू पाहते. डुलणं एका झटक्यात, एकही हेलकावा न देता थांबवायचं तर जेवढं डॅम्पिंग, म्हणजे हालचालीला विरोध, लागेल त्याला क्रिटिकल डॅम्पिंग म्हणतात. फॅमिली गाडीत त्याच्या साधारण २० ते ३० टक्केच ठेवतात. ३० टक्के असेल तर हंपवर ५० मिमी उसळलेली गाडी पुढच्या हेलकाव्याला जेमतेम ७ मिमी उसळते. शॉकअप बसून, म्हणजे झिजून, हेच १० टक्क्यांवर आलं की पुढचा हेलकावा २६-२७ मिमीचा, त्याच्या पुढचा १४ चा. मागे बसलेल्यांना गाडी ‘लागते’ ती या हेलकाव्यांमुळे, खड्ड्यामुळे नव्हे.

मग ३० ऐवजी ६० टक्के का नको? कारण ज्या जोराने शॉकअप डुलणं रोखतो, त्याच जोराने खड्ड्याची कड तो थेट बॉडीत पाठवतो. मधला रस्ता काढण्यासाठी कंपन्या दोन युक्त्या करतात. पहिली म्हणजे दांडा बाहेर येताना, म्हणजे रिबाउंडला, विरोध जास्त आणि आत जाताना कमी. प्रमाण बऱ्याचदा दोनास एक, तिनास एक. दुसरी म्हणजे झडपेवर पातळ पोलादी चकत्यांची थप्पी. कमी वेगात तेल बारीक खाचेतून जातं, वेग वाढला की चकत्या वाकतात आणि वाट मोकळी होते. चांगल्या शॉकअपची सगळी कमाई या थप्पीत असते. बाहेरच्या पिवळ्या-लाल रंगात नसते.

गोव्याच्या वाटेवरच्या चोर्ला घाटातल्या वळणांबद्दल एक गोष्ट गॅरेजमध्ये हमखास चुकीची सांगितली जाते: ‘घट्ट शॉकअप टाका, गाडी वळणावर कलणार नाही.’ लांब वळणात गाडी शेवटी किती कलायची हे स्प्रिंग आणि अँटी-रोल बार (दोन्ही बाजूंची चाकं जोडून कल रोखणारा दांडा) ठरवतात. शॉकअप ठरवतो ती तिथवर किती लवकर, किती झोकाने पोचते ते. घाटात डावं वळण संपताच उजवं येतं, तेव्हा हा झोकच महत्त्वाचा. शॉकअप बसलेली गाडी पहिल्या कलातून सावरायच्या आतच दुसऱ्या बाजूला फेकली जाते आणि स्टिअरिंग दोनदा दुरुस्त करावं लागतं. तेव्हा घाटासाठी हवं ते कमी वेगातलं डॅम्पिंग. तेही पुढे-मागे प्रमाणात. फक्त पुढचे नवे घट्ट आणि मागचे जुने ढिले अशी जोडी घाटात मागचा भाग उशिरा वळवते. ओल्या रस्त्यावर ते चांगलं नाही.

आता बाजारातले पर्याय.

कंपनी फिटिंगचा ट्विन-ट्यूब. यात नळीत नळी असते. आतल्या नळीत पिस्टन, बाहेरच्या नळीत जादा तेल आणि वर थोडी हवा किंवा कमी दाबाचा नायट्रोजन, तळाशी फूट व्हॉल्व्ह. गॅब्रिएल, मुंजाल शोवा यांसारख्या इथल्या कंपन्या अनेक गाड्यांना हेच पुरवतात. गाडीच्या स्प्रिंगशी, वजनाशी आणि रबर बुशांशी जुळवून झडप बसवलेली असते, हा त्याचा मोठा गुण. दुसरा गुण खानापूर तालुक्यात कळतो. खडी उडून बाहेरच्या नळीला पोचा आला तरी आतली नळी शाबूत राहते, पिस्टन अडकत नाही. दोष असा की बिनगॅसच्या प्रकारात खराब रस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटं सलग दणके बसले की तेलाला फेस येतो. फेसाचं तेल दाबलं जातं, विरोध करत नाही. कणकुंबीपर्यंत ठीक चाललेली गाडी पुढे अचानक ‘सैल’ वाटू लागते आणि अर्धा तास थांबलं की पुन्हा बरी, असं होत असेल तर हेच कारण बघा. शहरात आणि हायवेवर फिरणाऱ्या, घाटात महिन्यातून एखादी चक्कर करणाऱ्या गाडीला याच्यापेक्षा जास्त खर्च करायची गरज आम्हाला दिसत नाही.

कमी दाबाचा गॅस ट्विन-ट्यूब. केवायबीचा एक्सेल-जी हा या जातीचा ओळखीचा नमुना. रचना तीच, पण बाहेरच्या नळीत काही बार दाबाचा नायट्रोजन. दाबामुळे फेस उशिरा येतो आणि हालचालीच्या सुरुवातीपासून झडप काम करते. निपाणी ते बेळगाव हायवेवर पुलांच्या सांध्यांवरून जाताना ‘धडक्-धडक्’चा दुसरा धडक् गिळला जातो, तो यामुळे. ज्यांच्या गाडीला मूळचा बिनगॅसचा आहे आणि महिन्याला दोन-तीन वेळा गोव्याच्या फेऱ्या आहेत, त्यांच्यासाठी आमची पहिली पसंती हीच. मात्र आपल्याच मॉडेलचा आणि त्याच सालाचा पार्ट नंबर घ्या. एकाच नावाच्या गाडीच्या दोन पिढ्यांत स्ट्रटचं ब्रॅकेट सारखं दिसतं, पण स्प्रिंग-बैठकीची उंची वेगळी असू शकते.

जास्त दाबाचा मोनोट्यूब. एकच नळी, खाली किंवा वर तरंगता पिस्टन आणि त्यामागे साधारण २० ते ३० बारचा नायट्रोजन. टायरच्या हवेच्या दहापट. फ्रेंच संशोधक दि कार्बों यांची ही कल्पना, आणि बिलस्टाइनने ती १९५७ मध्ये मर्सिडीज-बेंझच्या गाड्यांत आणली. बिलस्टाइनचा बी-६ आजही याच जातीचा. तेल आणि गॅस वेगळे असल्यामुळे फेस जवळपास येतच नाही. तेल थेट बाहेरच्या नळीला टेकलेलं असल्याने उष्णता लवकर जाते, आणि पिस्टन मोठा असल्याने बारीक हालचालही पकडली जाते. घाट वेगात चढणाऱ्याला फरक पहिल्या चार वळणांत कळेल.

पण बेळगावच्या पश्चिमेला या मोनोट्यूबला दोन अडचणी आहेत. नळी एकच असल्यामुळे तिला आलेला पोचा थेट पिस्टनच्या वाटेत येतो. शॉकअप अडकतो किंवा सील कापतो. दुसरी अडचण दाबाची. २५ बार दाब आणि १२ मिमीचा दांडा असेल तर तो कायम सुमारे २८-२९ किलोने बाहेर ढकलत असतो. गाडी मागून सेंटिमीटरभर उचलते, आणि हलक्या हॅचबॅकची रिकामी मागची बाजू हंपवर कडक लागते. घाटाचं वेड असेल, गाडी जड असेल तर जरूर घ्या. म्हातारी माणसं मागे बसणार असतील तर नको.

डोक्यावर फिरकी असलेला ॲडजस्टेबल. बहुतेकांत फिरकी फक्त किंवा मुख्यतः रिबाउंड बदलते. इथली नेहमीची चूक म्हणजे ‘पैसे दिलेत तर पूर्ण घट्ट’. रिबाउंड फार घट्ट केला की खड्ड्यात गेलेलं चाक पुढच्या खड्ड्याआधी खाली येऊच शकत नाही. पाच-सहा खड्डे सलग आले की गाडी पायरी पायरीने खाली बसत जाते आणि शेवटी बंप स्टॉपरवर, म्हणजे टोकाच्या रबरी ठोकळ्यावर, आपटते. मालक म्हणतो, ‘अजून घट्ट करा.’ उपाय नेमका उलटा. सगळ्यात सैल बाजूपासून सुरू करा, एकेक टप्पा घट्ट करा आणि हंपनंतरचा दुसरा हेलकावा नाहीसा होताच थांबा.

काही नव्या गाड्यांत ही कसरत शॉकअपच्या आतच केलेली असते. महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० मधलं फ्रीक्वेन्सी सिलेक्टिव्ह डॅम्पिंग सावकाश डुलण्याला घट्ट आणि चाकाच्या झपाट्याच्या थरथरीला मऊ असं वागतं. आमच्या दोन पेपरांच्या रस्त्यांना तत्त्व अगदी चपखल आहे. जुन्या हॅचबॅकला मात्र ते घरी आणून बसवण्याजोगं प्रकरण नाही.

यानंतर दोन गोष्टी अशा, ज्यांना आम्ही सरळ नको म्हणू.

रिपेरीचा शॉकअप. जुन्या नळीला भोक पाडून तेल भरायचं आणि वेल्डिंगने भोक बंद करायचं. नव्यापेक्षा निम्म्याहून स्वस्त पडतो, म्हणून आकर्षक. त्यात चूक कुठे होते ते बघा. २० मिमीचा दांडा १५० मिमी आत गेला की सुमारे ४७ मिली जागा खातो. तेवढी जागा हवेला सोडली नाही आणि नळी काठोकाठ भरली, तर पहिल्या मोठ्या खड्ड्यात तेलाला जायला वाट नसते. सील फाटतं नाहीतर दांडा वाकतो. कमी भरलं तर फेस. तेल हाताला सापडेल ते, म्हणजे झडप ज्या पातळपणासाठी कापली तो उरत नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने वरचं रबर सील भाजतं आणि आतला वेल्डिंगचा कण चकत्यांखाली अडकला की झडप कायमची अर्धी उघडी. दांड्याच्या क्रोमवर खरचटा पडला असेल तर नवं सीलही फार दिवस टिकत नाही. आणि गॅस तर गेलाच. जुन्या मालवाहू टेम्पोला, महिनाभर काम भागवायला, हे एक वेळ समजू शकतं. घाटात जाणाऱ्या घरच्या गाडीला नाही.

स्प्रिंगमध्ये घालायचे रबर बफर. गाडीचं बूड टेकतं म्हणून लोक हे घेतात आणि पहिले चार दिवस खूशही असतात. हे रबर स्प्रिंगच्या दोन वेढ्यांमधली हालचाल जवळपास बंद करतं, म्हणजे स्प्रिंग कडक होते. वरच्याच उदाहरणात ती २० ऐवजी २६ न्यूटन झाली, तर गाडी सेकंदाला १.४ ऐवजी १.६ वेळा डुलते आणि त्याच शॉकअपचं डॅम्पिंग ३० वरून २६ टक्क्यांवर येतं. गाडी उंच दिसते, पण जास्त आणि चपळ उड्या मारते. शिवाय रबराच्या कडेवर स्प्रिंगचा रंग घासला जातो, तिथे गंज धरतो, आणि पावसाळ्यानंतर स्प्रिंग नेमकी तिथेच तुटते. बूड टेकत असेल तर आधी स्प्रिंगची उंची मोजा. उजव्या-डाव्या बाजूत, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत, १० मिमीहून जास्त फरक असेल तर स्प्रिंग बसली आहे. तिथे ना बफर कामाचा, ना शॉकअप.

ओझ्याचं गणितही याच जातीचं. चाकावरचं वजन २५० वरून ३५० किलोवर गेलं, म्हणजे पाच माणसं आणि गोव्याहून परतताना डिकीभर सामान, की तोच शॉकअप ३० ऐवजी सुमारे २५ टक्केच उरतो. शॉकअप आधीच अर्धा बसला असेल तर भरलेल्या गाडीत तो नसल्यात जमा. रिकाम्या गाडीत गॅरेजच्या दारात बॉनेट दाबून ‘ठीक आहे’ म्हणणं म्हणूनच पुरेसं नाही. हाताने दाबलेल्या गाडीत दांडा फार सावकाश हलतो. खड्ड्याच्या वेगाची झडप त्यात तपासलीच जात नाही. पूर्ण मेलेला शॉकअप हाताने कळतो, अर्धा मेलेला कळत नाही.

बदलण्याआधी हे बघा. दांड्याजवळ तेलाची पुसट धूळ चिकटलेली असणं चालतं, पण नळीवर ओघळ खाली उतरला असेल तर सील गेलं. टायरवर तळहात फिरवा. गोल फिरताना उंच-सखल उंच-सखल असे वाटीसारखे चट्टे लागले, तर चाक रस्त्यावर टिकत नाही, उड्या मारत चाललं आहे. हे चट्टे माळावरच्या मुरमाड रस्त्यांवर लवकर पडतात. तिथे अर्धा-एक मीटरवर आडव्या वळ्या असतात. ताशी ४० किमीला चाक सेकंदाला ११ वेळा किंवा त्याहून जास्त आपटतं, आणि १०-१५ वेळांच्या आसपास चाकाचीच स्वतःची थरथर असते. उलट, लहानसहान हंपवर फक्त ‘टक टक’ येत असेल आणि हेलकावा नसेल, तर शॉकअपवर आळ घेऊ नका. दहांपैकी बऱ्याच वेळा तो अँटी-रोल बारचा लिंक रॉड असतो, किंमत शॉकअपच्या पासंगालाही न पुरणारी. जागेवर स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग ‘टणकन्’ सुटल्यासारखी वाटली तर वरच्या माउंटिंगचं बेअरिंग बघा.

नवे शॉकअप वाया जातात ते बहुधा फिटिंगमध्ये. एका ॲक्सलवर दोन्ही एकदम बदला; एकच बदलला तर ब्रेक मारताना गाडी एका बाजूला नाक खुपसते. ट्विन-ट्यूब खोक्यात आडवा पडलेला असतो, हवा आतल्या नळीत शिरलेली असते. गाडीत उभा असतो तसाच धरून दांडा पूर्ण आत, पूर्ण बाहेर, असं चार-पाच वेळा सावकाश करा आणि मग आडवा न करता बसवा. दांड्याचा चकचकीत भाग पक्कडीत धरू देऊ नका, एक ओरखडा पुरतो. वरचा मधला नट इम्पॅक्ट गनने सोडण्या-बसवण्यात दांडा गरगर फिरतो आणि आतला पिस्टनचा नट सैल होऊ शकतो. ॲलन चावीने दांडा रोखून हाताने आवळायचा, आणि शेवट टॉर्क रेंचने, गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याला. स्प्रिंगचं टोक खालच्या बैठकीच्या पायरीत टेकलं आहे ना, हे डोळ्यांनी बघा. बंप स्टॉपर आणि डस्ट कव्हर जुनेच घालायचा आग्रह मिस्त्री धरेल. धरू द्या, तुम्ही नवे आणून द्या. फाटक्या कव्हरमधून शिरलेली लाल माती नव्या सीलला कानस लावल्यासारखी खाते, आणि खानापुरात मातीला तोटा नाही.

मागच्या शॉकअपचा खालचा बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना शेवटचा आवळू नये. बुश त्या लटकत्या कोनात धरला जातो, गाडी खाली आली की सतत पिळलेला राहतो आणि वर्षाच्या आत फाटतो. चाकं जमिनीवर टेकली, गाडी दोनदा हलवून बसू दिली, की मग आवळा. पुढचे स्ट्रट काढले असतील तर नकलच्या (चाक धरणाऱ्या भागाच्या) दोन बोल्टांच्या भोकांत थोडी मोकळीक असते, त्यामुळे कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो (चाकाचं तोंड किती आत-बाहेर) दोन्ही हलतात. अलाइनमेंट त्याच दिवशी. पाचशे किलोमीटरनंतर वरच्या माउंटिंगचे नट आणि लिंक रॉड एकदा पान्याने तपासा, आणि टायरमधली हवा दाराच्या कडेला लिहिलेल्या आकड्यावर आणा. मऊ लागावं म्हणून चार पौंड कमी ठेवलेली हवा नव्या शॉकअपचा अर्धा फायदा खाते.